अकरा नंबरची पाटी

गोकुळाने भेंडोळ्याचा दोरा सोडला आणि कागद छपरीच्या फरशीवरून घरंगळत थेट अंगणाच्या पायरीपर्यंत गेला. दोन्ही कडांना भोकं असलेला, पानाला पान जोडलेला, एकवीस पानांचा लांबच लांब कागद. शालिकराम निमगडेने त्याच्या एका टोकावर घरमालकीण केसरबाईची धान मोजायची पायली ठेवली. दुसऱ्या टोकावर तो स्वतःची चप्पल ठेवणार होता, पण विद्यार्थिनीसमोर ते बरं दिसणार नाही म्हणून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

“सर, यात एक चूक आहे,” गोकुळा म्हणाली. “कुठी आहे ते तुमी सांगा.”

शालिकरामला आधी बरंच वाटलं. खरं सांगायचं तर छाती चांगली दोन बोटं फुगली. गोकुळा भानारकर ही त्याच्या पहिल्या तुकडीतली पहिली आलेली मुलगी. बाप आरमोरीकडच्या एका तळ्यात जाळं टाकणारा, आणि मुलगी गेल्या सप्टेंबरपासून चंद्रपूरच्या बाजूला एका कोळसा खाणीच्या कॉम्प्युटर विभागात उमेदवार म्हणून लागलेली. ब्रह्मपुरीच्या बाजारात असा एकही दुकानदार उरला नव्हता ज्याला शालिकरामने ही गोष्ट सांगितली नव्हती. आज ती खऱ्या मशीनपासून उठून, रविवार घालवून, चूक विचारायला त्याच्याकडे आली होती.

“कधीपर्यंत पाह्यजे?” त्याने विचारलं.

“तुमी पाहा तर सर.”

तो मांडी घालून बसला. अंगणात केसरबाई मोहाची फुलं वाळत घालत होती. होळी होऊन आठवडा झाला होता आणि सकाळी दहालाच फरशी तापायला लागली होती.

“प्रोग्रॅम कायचा आहे?”

“दिव्यांचा सर.” गोकुळा कागदाच्या पलीकडे उकिडवी बसली. “खाणीत उतरणारा माणूस दिवाघरातून आपल्या नंबरचा दिवा घेते. वर आला का परत करते. दिवा आला नाई म्हंजे माणूस खालीच आहे. पहिले बिल्ल्यांचा बोर्ड होता, माणसामागं एक बिल्ला. आता पाळी सुटली का हे यादी निंगते, कोण वर नाई आला त्याची.”

“मंग?”

“जुन्या खाणीचे दिवे बराबर येत होते. चार महिने चाललं. मंग खाणीचं नवीन तोंड उघडलं, तिथले सतरा दिवे वाढले. मी त्याची दुसरी यादी करून शेवटी जोडली.” तिने कागदाची दुमडलेली कड सरळ केली. “त्या दिवशी पाळी सुटल्यावर कागद निंगला सर, का हे सतरा जण वर आलेच नाईत. भोंगा वाजला. अर्धा घंटा वाजत होता. कॉलनीतल्या बाया खाणीच्या तोंडापाशी धावत आल्या, पोट्टे काखेत मारून. आन ते सतराही जण आपापल्या घरी होते. एक तर आंघोळ करून राह्यला होता.”

अंगणातून केसरबाई खुदकन हसली. गोकुळा हसली नाही.

“आन बिल्ल्यांचा बोर्ड? त्यावर नाई पाह्यलं?”

“तो काढून आठच दिवस झाले होते.”

शालिकरामने चष्मा पुसला आणि शेवटच्या पानापासून उलटा वाचत निघाला. गोकुळाचं काम पाहून त्याला नेहमी वाटायचं तसंच वाटलं, की ही पोरगी आपल्यापेक्षा नीटनेटकी आहे. मशीनला दिलेल्या प्रत्येक हुकमापुढे तिने खुलासा लिहिला होता. एका हुकमाचं एक भोकांचं कार्ड पंच होऊन मशीनमध्ये जाई, आणि हा कागद त्याच कार्डांची छापील नक्कल होता. सतरा दिव्यांच्या यादीत काही चूक नव्हती. ती यादी जिथे सुरू होत होती तिथला पत्ता त्याने पाहिला, आणि ती कुठे येऊन पडली आहे हे त्याला कळलं. चार हजार शहाण्णवच्या पलीकडे.

त्या मशीनचा एक कायदाच होता. आत प्रत्येक वस्तूला पत्ता असतो, पण हुकमात पुरा पत्ता लिहायला जागा नसते. म्हणून रजिस्टर नावाच्या सोळा कप्प्यांपैकी एकात मुक्कामाचं ठिकाण लिहून ठेवायचं आणि हुकमात फक्त तिथून किती पावलं पुढे ते सांगायचं. पावलं शून्यापासून चार हजार पंच्याण्णवपर्यंत. त्यापुढे एकही नाही. शालिकराम वर्गात तलाठ्याच्या साझ्याचं उदाहरण द्यायचा. बारा नंबरचा तलाठी, त्याच्या साझ्यात चार हजार शहाण्णव शेतं. त्यापुढच्या शेताचा सातबारा त्याच्याकडे मागून उपयोग नाही. त्याला दुसरा तलाठी लागतो, अकरा नंबरचा. आणि असा दुसरा नेमलाय हे असेंबलरला, म्हणजे आपलं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कारकुनाला, एका ओळीत कळवायचं असतं. त्या ओळीचं नाव यूझिंग.

तो पहिल्या पानावर आला. यूझिंगची ओळ होती. बारा होतं, अकरा होतं. बरोबर, त्याने शिकवलं होतं तसंच.

मग तो पुन्हा एकविसाव्या पानावर गेला. तिथे गोकुळाने ती यादी निघताना सोळा रजिस्टरांत काय होतं ते छापून घेतलं होतं. असा कागद शालिकरामने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, पण वाचायला कठीण नव्हता. बारामध्ये नीट पत्ता होता. अकरामध्ये त्याहून बरोबर चार हजार शहाण्णव जास्त असायला हवे होते. तिथे भलताच आकडा होता, आधी चाललेल्या कुणाच्या तरी कामातला उरलेला. सतरा माणसांच्या खुणा मशीन त्या उष्ट्या पत्त्यावर शोधत बसलं होतं.

अकराला आकडा देणारी ओळ प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. नसणारच. तशी ओळ लागते असं शालिकरामने कधी शिकवलं नव्हतं. यूझिंग लिहिलं की अकरा आपोआप पुढे जाऊन बसतो, असं त्याच्या नोट्सच्या एकतिसाव्या पानावर होतं. ऑर्डर निघाली की तलाठी हजर. नदीपलीकडे गडचिरोलीत ऑर्डर निघणं आणि माणूस रुजू होणं यात किती पावसाळे जातात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना त्याने हे असं शिकवलं होतं, दोन तुकड्यांना.

तांब्या कागदावरून उचलून तो पाणी प्यायला, तसं कागदाचं ते टोक गुंडाळत परत आलं.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मशीन नव्हतं. कॉम्प्युटरची सबंध पदविका कागदावर चालायची, आणि म्हणूनच शालिकरामने पाटी-मशीन काढलं होतं. सोळा खुर्च्या, शून्यापासून पंधरापर्यंत. प्रत्येक खुर्चीवर एक विद्यार्थी, मांडीवर पाटी. सर हुकूम वाचणार, ज्याच्या नंबरचा हुकूम असेल त्याने पाटीवरचा आकडा बदलायचा. फळा म्हणजे मशीनची आठवण, मेमरी. मुलं या खेळावर जीव टाकायची. पहिल्या वर्षी, एकदा मोठा प्रोग्रॅम घेतला तेव्हा त्याने यूझिंगची ओळ वाचली. अकरा नंबरच्या खुर्चीवर गोकुळा होती. तिने शेजारच्या बाराच्या पाटीकडे पाहिलं, मनातल्या मनात चार हजार शहाण्णव मिळवले आणि पाटीवर आकडा लिहून मोकळी झाली. पुढचं सगळं सुरळीत चाललं. शालिकरामकडे नागपूरहून आणलेल्या चक्रमुद्रित टिपणांत यूझिंगबद्दलचं शेवटचं पान स्टेन्सिल झिजून पुसट झालं होतं. त्याला वाटलं, असंच असणार. त्याने ते नोट्समध्ये उतरवलं.

नागपूरला तो सहा आठवडे होता. मशीन काचेपलीकडे, गार खोलीत. खिडकीतून कागद आत द्यायचा, दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचं. त्याचा सगळ्यात मोठा प्रोग्रॅम सहाशे पावलांत संपला होता, दुसरं रजिस्टर कधी लागलंच नाही. पण नोकरीच्या अर्जात त्याने ‘मशीनवर काम, सहा महिने’ असं लिहिलं होतं. आठवड्यांचे महिने. बाकी अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. घरात पहिला शिकलेला तो, नागभीडजवळच्या वस्तीत आई सगळ्यांना सांगायची की माझा शालिक कॉम्प्युटर चालवतो. आणि येत्या बुधवारी तपासणी समिती येणार होती. समितीने पसंत केलं तर पदविका कायम, पद कायम. नाहीतर जूनपासून दोन्ही बंद. चूक कबूल करावी, तर पहिला प्रश्न हाच येणार की सहा महिने मशीनवर काम केलेल्याला एवढं ठाऊक नव्हतं?

“सापडलं काय सर?”

“हे पाह्य,” तो म्हणाला. आवाज ठीक आला. “प्रोग्रॅम बराबर आहे तुझा. कार्ड पंच करताना घसरलं असन एखादं. यादीतली कार्डं पुन्हा पंच करून पाहा.”

गोकुळाने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ नाही, एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ.

“बरं सर,” ती म्हणाली आणि कागद गुंडाळायला लागली.

पाहुण्याला स्टँडपर्यंत सोडायची रीत असते म्हणून तो तिच्यासोबत निघाला. नाहीतर त्याला आत जाऊन दार लावून घ्यायचं होतं. वाटेत तिने त्याच्या आईची तब्येत विचारली. त्याने तिच्या बापाच्या तळ्याचं विचारलं. भर उन्हात दोघंही अगदी मन लावून दुसरंच काहीतरी बोलत होते.

स्टँडवर चंद्रपूरची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात लोंबकळत “सिंदेवाही, मूल, चंद्रपूर” ओरडत होता. गोकुळा सावलीत उभीच राहिली. गाडी मागे आली, वळली, फाटकाबाहेर पडली.

“अवो, गाडी गेली ना तुझी!”

“मले ते नाई पकडाची सर. मी घरी जाऊन राह्यली. आरमोरीची गाडी येईन आता.”

“आन उद्या ड्यूटी?”

“ड्यूटी नाई राह्यली.” तिने भेंडोळं या हातातून त्या हातात घेतलं. “मागच्या शनिवारी सांगतलं त्याईनं, येऊ नको म्हून. भोंग्याचं लय वरपर्यंत गेलं ना सर.”

समोर रसवंतीचे घुंगरू वाजत होते आणि त्या आवाजाचा त्याला भयंकर राग आला.

“मंग हे चूक...”

“चूक तर आमच्या साहेबाईनं पाच मिनिटांत काढली. दोन ओळी लागते म्हणे. पहिल्या ओळीत बारात चार हजार पंच्याण्णव मिळवून अकरात ठेवाचे. आन मंग दुसऱ्या ओळीत अकरात एक मिळवाचा.”

“एकदम चार हजार शहाण्णव काऊन नाई?”

विचारताक्षणी त्याला कळलं की आपण काय विचारून बसलो. पण गोकुळा पूर्वी वर्गात उत्तर द्यायची तशीच सरळ उत्तरली.

“एका हुकमात तेवढं लांब जाताच येत नाई ना सर. उरलेलं एक पाऊल अलग टाकाव लागते.”

“तुले कोणी शिकवलं ते विचारलं असन त्याईनं.”

“विचारलं. मी म्हनलं, मी आपलं आपण वाचून शिकली.”

“काऊन?” तो जवळजवळ ओरडलाच. “माझं नाव सांगाचं होतं!”

“मंग त्या कालेजातलं पोट्टं पुन्हा कोणी घेतलं असतं काय तिथी?” ती अगदी शांतपणे म्हणाली, जसा काही हिशोब तिने कधीचाच मांडून ठेवला होता. “आन पाटीवर ते आकडा मीच लिहिला होता सर. तुमी सांगतलं नव्हतं. यूझिंगचा हुकूम असेंबलरसाठी असते, रजिस्टरसाठी नाई. मशीनमधलं रजिस्टर आयकत नाई सर. मी आयकलं होतं.”

आरमोरीची गाडी धूळ उडवत आत आली. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

“अकरा नंबरवर आता आमची प्रेमिला बसते ना?”

प्रेमिला तिची धाकटी बहीण, यंदाच्या तुकडीतली. बहिणीची खुर्ची तिने पहिल्या दिवशीच मागून घेतली होती.

“हो.”

“तिले मी काही सांगतलं नाई तुमच्याबद्दल. ते दोन ओळी तेवढ्या सांगतल्या. बाकी सर सांगतीन तसं कर, म्हनलं.”

ती आत गेली. खिडकीतून तिने हात जोडले, आणि शालिकरामनेही जोडले. विद्यार्थिनीला आपण आधी नमस्कार करायला हवा होता असं त्याला गाडी गेल्यावर वाटलं.

सोमवारी तो वर्गात सांगणार होता. सोमवारी प्रेमिला अकराव्या खुर्चीवर बसली, वेणी मागे टाकून, पाटी पुसून, आणि त्याने लॉगरिदमचा तास घेतला. मंगळवारी संस्थेचे अध्यक्ष वामनराव वर्गाला चुना लावून घेत होते, तेव्हा तास झालाच नाही. वामनराव मोठे उत्साही गृहस्थ. पाटी-मशीन समितीला दाखवायचं हे त्यांनीच ठरवलं होतं, सोळा खुर्च्यांना नवे नंबर रंगवून घेतले होते आणि मुलांना पांढरे सदरे घालून यायला बजावलं होतं.

“सर, तो मोठ्ठा प्रोग्रॅमच दाखवू,” ते म्हणाले. “सोळाच्या सोळा पोट्टे हलले पाह्यजे.”

“लहानच दाखवू भाऊ,” शालिकराम म्हणाला. “मोठ्यात वेळ लय जाईन. साहेब लोकांना घाई असते.”

वामनरावांना ते पटलं. लहान प्रोग्रॅम अडीचशे पावलांचा, दिवसभराच्या तापमानांतून सगळ्यात मोठा आकडा शोधणारा. त्याला अकरा नंबर लागत नव्हता. बुधवार पार पडला की मग सावकाश, एखाद्या तासाला, सहज सांगितल्यासारखं सांगून टाकू. एवढं साधं होतं. तरी त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि केसरबाईने तेल जास्त झालं काय म्हणून विचारलं.

बुधवारी अकराला समिती आली. दोघं होते. एक कागदपत्रं पाहणारे गप्प गृहस्थ आणि एक गणिताचे निवृत्त प्राध्यापक, पांढऱ्या मिशांचे, हसरे. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत होते. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध आला नव्हता, हे त्यांनी आल्या आल्या स्वतःच सांगून टाकलं. शालिकरामला त्यांचा हेवा वाटला.

तापमानांचा प्रोग्रॅम देखणा झाला. शालिकराम हुकूम वाची, खडू करकरत, पाट्या वर होत, देवाजी नावाचा मुलगा फळ्यावर आकडे खोडून नवे लिही. शेवटी त्रेचाळीस हा आकडा फळ्यावर आला तेव्हा मोठे साहेब लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले.

“वा! असं मी कुठेच पाहिलेलं नाही. अहो, आमच्या शहरात मशीन आहे, पण आत काय चालतं ते पोरांना कळत नाही. एक सांगा, चार हजार शहाण्णवच्या पुढे गेलं की मुलं गांगरतात असं मी ऐकलंय. ते करता तुम्ही?”

“ते पुढच्या...” शालिकरामने सुरुवात केली.

“येते ना साहेब!” देवाजी फळ्यापासूनच म्हणाला. “आमाले येते!”

“दाखवा ना निमगडे सर,” वामनराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “आता साहेबच म्हणून राह्यले.”

मुलांनी आपणहून पाट्या पुसल्या. इतक्या आनंदाने पुसल्या की शालिकरामला त्यांच्याकडे बघवेना. दार उघडं होतं, पण दारापर्यंत सोळा खुर्च्या होत्या. त्याने टेबलाच्या खणातून मोठ्या प्रोग्रॅमचे कागद काढले. ते तिथेच होते, दुसरीकडे ठेवायचं सुचलंच नव्हतं.

त्याने पहिला हुकूम वाचला. बारा नंबरवरच्या लटारूने पाटीवर आपला मुक्कामाचा पत्ता लिहिला आणि पाटी वर केली.

“यूझिंग,” शालिकरामने वाचलं. “बारा, अकरा.”

एरवी हा शब्द संपायच्या आत अकराच्या पाटीवर आकडा पडलेला असे. आज प्रेमिलाने खडू पाटीवर टेकवला आणि हात थांबवला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, आठवण देणंही नव्हतं. सर सांगतील तसं, एवढंच होतं. लिही म्हटलं असतं तर तिने लिहिलं असतं, आणि चार मिनिटांत प्रोग्रॅम संपला असता. या खोलीत दुसऱ्या कुणाला काहीसुद्धा कळलं नसतं. मोठ्या साहेबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या, चहा-भजी झाली असती, जूनमध्ये कायमची ऑर्डर हातात आली असती. शालिकरामला हे सगळं स्वच्छ दिसलं. आणि त्याला लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या तापल्या.

“लिहू काय सर?” प्रेमिलाने हळूच विचारलं.

“तुले कोणी सांगतलं लिवाले?”

“कोणी नाई सर.”

“मंग नको लिहू.”

त्याने पुढचे हुकूम वाचले. सात-आठ हुकूम ठीक गेले. मग अकरापासून वीस पावलांवरचा आकडा आणायचा हुकूम आला. देवाजी सवयीने प्रेमिलाच्या पाटीकडे वळला, आणि प्रेमिलाने कोरी पाटी वर धरली. देवाजी खडू घेऊन तसाच उभा राहिला. मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली.

“काय झालं? थांबलं का?” मोठे साहेब पुढे वाकले.

“थांबलं साहेब. खरं मशीन थांबत नाही, ते भलतीकडेच जातं. चूक या मुलांची नाही. मी यांना दोन वर्षं चुकीचं शिकवलंय.”

“सर जरा गंमत करून राह्यले साहेब,” वामनराव हसले. ते हसू मग त्यांच्या चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं.

शालिकरामने फळ्याच्या कोपऱ्यातली जागा पुसली आणि दोन ओळी लिहिल्या. पहिली वाचली, प्रेमिलाने बाराच्या आकड्यात चार हजार पंच्याण्णव मिळवून पाटीवर लिहिले. दुसरी वाचली, तिने शेवटचा आकडा पुसून एकाने वाढवला आणि पाटी वर केली. देवाजीने ती पाहिली, फळ्यावर बोट फिरवत वीस पावलं मोजली आणि आकडा आणला. प्रोग्रॅम पुढे सुरू झाला.

तो संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत. कागदपत्रांवाल्या गृहस्थांनी फाईल उघडून एक पान शोधून काढलं होतं आणि ते साहेबांपुढे सरकवलं.

“पण तुम्ही तर मशीनवर सहा महिने होता, असं इथं आहे,” मोठे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते.

“सहा आठवडे होतो साहेब. मशीनला हात लावलेला नाही. अर्जात मी खोटं लिहिलंय.”

वामनराव उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. साहेबांनी चष्मा काढला, फळ्याकडे पाहिलं, पुन्हा घातला.

“मग या दोन ओळी?”

“या गोकुळा भानारकरच्या,” शालिकराम म्हणाला. प्रेमिलाने पाटी मांडीवर पालथी घातली. “माझी विद्यार्थिनी. तिनं मशीनवर सहा महिने काम केलंय. खरे सहा महिने. सध्या घरीच असते साहेब, आरमोरीकडे. बोलावलं तर येईल.”